पाठकोरी पानं

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात मशीनचा जेवढा हात होता, तेवढाच माझ्या रागाचा होता.

२००८ सालची गोष्ट. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या सीट बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी प्रशासन विभागात उपव्यवस्थापक होतो. मूळचा मिरजेचा. चेन्नईत येऊन चार वर्षं झाली होती, पण तमिळ काही अंगी लागलं नाही. रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं यायचं आणि त्यातही शेवटी मीच हरायचो. त्यामुळे ऑफिसात मराठी बोलणारी दोन माणसं होती, हा माझ्यासाठी मोठाच आधार होता. एक उन्मेष, पुण्याहून आलेला, कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळणारा हुशार मुलगा. आणि दुसऱ्या वसंताबाई.

वसंताबाई तंजावरच्या मराठी. त्यांची माणसं तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेली आणि तिकडचीच झाली, पण घरातलं मराठी त्यांनी सोडलं नाही. ते मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. 'तेथें', 'बरें', 'ठावें' असले जुन्या कागदपत्रांतले शब्द, त्यांना तमिळ हेल, आणि मध्येच 'सरी' नाहीतर 'परवाइल्लै', म्हणजे तमिळमधलं 'बरं' आणि 'हरकत नाही'. 'सगळे' म्हणायचं असलं की त्या 'अस्के' म्हणायच्या. मी मित्रांना त्यांची नक्कल करून दाखवायचो, कधी कधी त्यांच्या समोरच. त्या हसायच्या आणि मला 'राव' म्हणायच्या. आमच्याकडे राव म्हटलं की चेष्टा वाटते. त्यांच्याकडे ती साधी रीत होती.

वय बावन्न. कारखाना सुरू झाला तेव्हापासून त्या इथे होत्या, आणि त्याआधी सतरा वर्षं जॉर्ज टाउनमधल्या एका व्यापारी पेढीत टायपिस्ट होत्या. विभागाचं एकूण एक पत्र त्या टाइप करायच्या. मी खुर्चीत रेलून सांगायचो आणि त्यांची बोटं माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते संपवून थांबलेली असायची. त्यांची एकच सवय मला खुपायची. कुठलाही वाया गेलेला कागद त्या टाकू देत नसत. पाठकोरं पान दिसलं की उचलायचं, मागच्या कोऱ्या बाजूला वर कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहायची, आणि क्लिपबोर्डाला लावून ठेवायचं. मग त्यावरच निरोप, फोन नंबर, डिक्टेशन. पेढीतले शेठ कोऱ्या कागदावर कच्चं काम करू देत नसत, त्यांची ती शिस्त. मी म्हणायचो, बाई, आपला कारखाना आहे, पेढी नाही. त्या मान हलवायच्या आणि पुढचं पान उचलायच्या.

तर प्रिंटर. आमच्या विभागात एकच मोठा लेझर प्रिंटर होता. वसंताबाईंच्या टेबलाच्या डाव्या हाताला, खणांच्या स्टीलच्या कपाटावर ठेवलेला. ऑक्टोबरात आयुधपूजा झाली, दोन दिवस सगळ्या मशीनांना सुट्टी मिळाली, आणि पुन्हा ऑफिस उघडलं त्या दिवसापासून हा प्रिंटर आपणहून पानं छापायला लागला. कुणी काही दिलेलं नसताना घरघरायचा आणि एक पान बाहेर टाकायचा. कधी कँटीनचं वेळापत्रक, कधी कुणाचा रजेचा अर्ज, कधी सुरक्षारक्षकांची यादी. आधी एकदा छापून नेलेलंच काहीतरी पुन्हा यायचं. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला आणि मी सगळ्यांना लेखी सूचना काढली की प्रिंटचं बटण दोनदा दाबू नये. ती सूचनाही दुपारी आपोआप दुसऱ्यांदा छापून आली.

उन्मेषने कंबर कसली. अडकलेली सगळी कामं पुसली, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, केबल बदलली, दुसऱ्या विभागाचं काम चुकून इकडे येतंय का तेही पाहिलं. मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस एकही जास्तीचं पान आलं नाही. मी त्याला कँटीनमध्ये नेऊन फिल्टर कॉफी पाजली आणि विषय संपला असं समजलो.

गुरुवारी ती यादी फुटली.

त्या वर्षी बाहेरच्या देशांत मंदी आली होती आणि आमच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या. कंत्राटी कामगारांपैकी अडतीस जणांना दिवाळीनंतर थांबवायचं, असं वर ठरलं. ती नावं फक्त आमचे विभागप्रमुख राममूर्ती यांच्याकडे होती. शांत, कमी बोलणारा माणूस. गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी यादीची एकच प्रत छापली, छपाई होईपर्यंत स्वतः प्रिंटरपाशी उभे राहिले आणि कागद घेऊन गेले. तरी संध्याकाळी पहिल्या पाळीच्या लोकांमध्ये यादी पोचलेली होती. कंपनीच्या बसमध्ये ती हातोहात फिरली म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर दोनशे माणसं बसून होती आणि त्यांतल्या अडतीस जणांना आपलं नाव आधीच ठाऊक होतं. ती माणसं पुढे गेलीच. यादी फुटल्यामुळे एकही नाव वाचलं नाही. पण सांगण्याची जी रीत असते, आत बोलवून, बसवून, दोन शब्द बोलून, ती त्यांच्या वाट्याला आली नाही, आणि राममूर्तींना त्याचंच फार लागलं.

चौकशी माझ्याकडे आली. उन्मेषने कॉम्प्युटरची नोंद काढून दाखवली: यादी एकदाच छापली गेली होती. मग दुसरी प्रत आली कुठून? मी कधी नव्हे ते प्रिंटरचं जाडजूड माहितीपुस्तक काढून वाचलं, आणि पान साठवर मला उत्तर सापडलं. प्रिंटरच्या पुढच्या बाजूला एक छोटं गोल हिरवं बटण होतं. ते दाबलं की शेवटचं छापलेलं काम मशीनच्या आठवणीतून पुन्हा छापलं जातं, आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे कुणीतरी ते बटण दाबलं होतं. आणि त्या बटणापासून दोन हातांवर दिवसभर कोण बसतं?

मला एवढं पुरलं. मी स्वतःवर इतका खूश होतो की पुढचा विचारच केला नाही. वसंताबाईंना कारणे दाखवा नोटीस द्यायची ठरवली. नेहमी नोटिसा टाइप करायच्या त्याच, त्यामुळे ही मी केबिनचं दार लावून दोन बोटांनी स्वतः टाइप केली. तासभर लागला. इंग्रजीत 'हेतुपुरस्सर' अशा अर्थाचा शब्द मी त्यात दोनदा घातला. तीन दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास सेवा समाप्त, असा शेवट केला. शुक्रवारी दोनच्या सुमारास छापली, घाईघाईने उचलली आणि राममूर्तींची सही घ्यायला गेलो.

सही घेऊन परत आलो तर वसंताबाई माझ्या दारात उभ्या. त्यांच्या हातात माझीच नोटीस होती, सही नसलेली.

"राव, हें तुमचें," त्या म्हणाल्या. "एक जास्तीचें आलें. इंग्रजींत दोन ठिकाणीं स्पेलिंग चुकलें आहे."

माझं डोकं सणकलं. एवढा निगरगट्टपणा मी पाहिला नव्हता. नोटीस मिळायच्या आधी बाईंनी बटण दाबून तिची प्रत काढली, वाचली, आणि वर चुका दाखवायला आल्या. मी सही केलेली प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि नको ते बोललो. तुमच्यावर विश्वास ठेवला हीच चूक झाली, आपली माणसं म्हणून मी डोळे झाकून राहिलो, वगैरे. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी एवढंच मागितलं की खुलासा देईपर्यंत त्यांना त्यांच्याच टेबलावर बसू द्यावं. मी त्यांना स्टोअरच्या खोलीत बसवायला निघालो होतो. राममूर्तींनी मात्र फोनवर हो म्हटलं, आणि माझा नाइलाज झाला.

दहा दिवसांनी दिवाळी होती. बावन्नाव्या वर्षी चोरीचा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या बाईला कोण कामावर ठेवणार, हे मलाही कळत होतं. त्यांचे यजमान बँकेतून निवृत्त होऊन आजारी होते, घर त्यांच्यावर चालत होतं, हेही मला माहीत होतं. तरी मला त्या दिवशी दया आली नाही. मी बरोबर आहे असं एकदा वाटलं की मला दुसरं काही दिसत नाही.

शनिवारी माझ्या केबिनच्या काचेतून मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो. त्यांनी फोन करून कुणाची शिफारस मागितली नाही, कुणाजवळ रडल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यांनी क्लिपबोर्ड काढला आणि पाठकोरी पानं टेबलावर मांडायला लागल्या. पत्त्यांचा डाव मांडावा तशी ओळीने. मग दोन पानं उचलून इकडची तिकडे केली, पुन्हा पाहिलं, पुन्हा हलवली. सुट्टी संपली तेव्हा त्यांनी ती गोळा केली आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. डोळे मिटलेले. मला वाटलं, देवाचा धावा चाललाय. सव्वादोनला बस लागल्या, ड्रायव्हर आत येऊन गेले, प्रिंटर घरघरला, एक पान पडलं. वसंताबाईंनी डोळे उघडले, पान उचललं, मागे वेळ लिहिली, आणि सोमवारी दुपारी दोन वाजता खुलासा देते, सगळ्यांनी प्रिंटरपाशी यावं, असा निरोप राममूर्तींना पाठवला.

सोमवारी आम्ही चौघं प्रिंटरभोवती जमलो. राममूर्ती, उन्मेष, मी आणि त्या. मी मनातल्या मनात तयारी करून आलो होतो. खोटा खुलासा कुठे पकडायचा हे मला ठाऊक होतं. त्या राममूर्तींशी तमिळमध्ये बोलत होत्या आणि अधूनमधून माझ्यासाठी मराठीत. मी इथे ते एकत्र सांगतो.

त्यांनी आधी पानं दाखवली. आयुधपूजेनंतर आपोआप आलेली एकूण एकोणीस पानं. कुणीच ती नेली नव्हती, म्हणून सगळी त्यांच्या क्लिपबोर्डाला लागली होती, आणि प्रत्येकाच्या मागे त्यांच्या गोल अक्षरात तारीख आणि वेळ. चौदा पानं दुपारी सव्वादोन ते अडीचमधली. पाच सकाळी सव्वाआठच्या आसपासची. दुसऱ्या कुठल्याही वेळेला एकही नाही. विसावं पान यादीचं, ते त्यांच्या हाती लागलंच नाही. गुरुवारी त्या वेळी त्या जेवणाचा डबा धुवायला गेल्या होत्या.

उन्मेष पुढे झाला आणि पानं चाळायला लागला. त्याने आठ दिवस कॉम्प्युटरमध्ये शोध घेतला होता. बाईंनी कॉम्प्युटरकडे पाहिलंही नव्हतं. त्यांनी विचारलं होतं ते एवढंच, की या दोन वेळांना या खोलीत काय होतं. आणि त्याचं उत्तर सगळ्यांच्या समोर रोज येऊन जात होतं. सकाळी ऑफिसच्या लोकांच्या बस येतात, दुपारी पाळी बदलते. बसचे ड्रायव्हर येतात, प्रिंटरखालच्या कपाटातून फेऱ्यांचं रजिस्टर काढतात, सही करतात, परत ठेवतात आणि खण लावतात. उन्मेषने दुरुस्ती केल्यावर दोन दिवस पानं आली नव्हती, त्या मंगळवारी आणि बुधवारी ते रजिस्टर तपासणीसाठी वाहतूक विभागात गेलेलं होतं. खण उघडलाच नव्हता. आणि गुरुवारी यादीची दुसरी प्रत पडली ती या ड्रायव्हरांच्याच समोर, आणि तिथून थेट बसमध्ये गेली. उन्मेषचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण तो मनाचा मोठा. त्याने मोकळेपणाने मान डोलावली.

जॉर्ज टाउनच्या पेढीत आठ टायपिस्ट एका रांगेत बसायचे, असं त्यांनी सांगितलं. आठ मशीनं एकदम वाजत असताना कुठल्या मशीनची कुठली कळ चिकटतेय, हे त्यांना न बघता कळायचं. शनिवारी त्या डोळे मिटून तेच ऐकत होत्या. आधी खणाचा आवाज, मग एक बारीकसा टक्, आणि मग घरघर. तो मधला टक् त्यांना पाहिजे होता.

मग त्यांनी आपल्या खुलाशाचं पत्र छापलं. एकच पान. ते राममूर्तींच्या हातात दिलं आणि मला खण लावायला सांगितलं.

मी खण उघडला, लावला. काही झालं नाही. पुन्हा जोरात लावला. तरी काही नाही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं. राममूर्तींनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. वसंताबाई मात्र जराही गडबडल्या नाहीत.

"गुडघ्यानें, राव," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरच्या एका हातांत डबा असतें, एका हातांत पिशवी. ते गुडघ्यानें लावतात."

विभागप्रमुखांसमोर मी, उपव्यवस्थापक, एका पायावर उभा राहिलो आणि खणाला गुडघा दिला. कपाट हादरलं. टक्. प्रिंटर घरघरला, आणि वसंताबाईंच्या खुलाशाची दुसरी प्रत हळूहळू बाहेर आली. त्या वेळी प्रिंटरला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं. आम्हा सर्वांचे हात जागच्या जागी होते.

राममूर्तींनी मला पुन्हा गुडघा द्यायला लावला. तिसरी प्रत आली.

एवढ्यावर बाईंचं काम झालं होतं. दुसरं कुणी असतं तर इथेच थांबून मानाने खुर्चीत जाऊन बसलं असतं. पण कळ चिकटते हे कळल्यावर ती का चिकटते हे न पाहता त्यांना चैन पडलं नसतं. त्यांनी अंबाड्यातून एक आकडा काढला, चष्मा नाकावर सारला आणि हिरव्या बटणाभोवतीच्या बारीक फटीत आकडा घालून फिरवायला लागल्या. हाताखाली एक पाठकोरं पान धरलं होतं. त्यावर पिवळट, कडक झालेली पूड पडत गेली. मध्ये एक लाल रेघ. फट मोकळी झाली तसं बटण वर उचललं गेलं. इतके दिवस ते अर्धवट दाबलेल्या अवस्थेतच बसलं होतं, जरासा धक्का बसला की खाली टेकायचं.

राममूर्तींनी ती पूड चिमटीत घेऊन हुंगली. चंदन होतं. लाल रेघ कुंकवाची.

आणि तेव्हा मला आठवलं. आयुधपूजेच्या दिवशी सगळं ऑफिस झेंडूच्या माळांनी भरलं होतं, दारात केळीचे खांब, टेबलावर चुरमुरे आणि डाळं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तेव्हा आपणही काही कमी नाही हे दाखवायला मी पुढे झालो होतो. कॉम्प्युटर, झेरॉक्स, टेलिफोन, सगळ्यांना मी चंदनाची बोटं ओढली. प्रिंटरच्या गुळगुळीत प्लास्टिकवर गंध ठरेना. मग बरोब्बर समोर ते गोल बटण दिसलं, कपाळासारखं. मी अंगठा बुचकळून तिथेच जाड थर दिला, वर कुंकू दाबलं. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्याने ओल्या फडक्याने पुसलं ते वरचं. बाकीचं फटीत जाऊन वाळलं. आणि माझ्या शेजारी चंदनाची वाटी धरून कोण उभं होतं? वसंताबाईच.

राममूर्तींनी विचारलं, की हे इथे कुणी लावलं. बोलायला हवं होतं, बोललो नाही. वसंताबाईंनी आकडा पुसला आणि परत अंबाड्यात खोचला.

"अस्क्यांनीं पूजा केली, सर," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

राममूर्तींनी हात जोडले. त्यांना मी कुणापुढे असे हात जोडताना आधी पाहिलं नव्हतं. खिशातून नोटिशीची प्रत काढून ते ती फाडायला निघाले, तर बाईंनी त्यांना थांबवलं. फाडू नका, म्हणाल्या. कागदावर चोर लिहिलं आहे, तर चोर नाही हेही कागदावर लिहा, आणि दोन्ही माझ्या फायलीत एकाखाली एक लावा. राममूर्ती म्हणाले, बरोबर आहे, आणि ते पत्र आजच्या आज लिहायला मला सांगून गेले.

चार वाजता त्या माझ्या केबिनमध्ये येऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या. माझी पत्रं त्याच टाइप करतात. हेही त्याच करणार होत्या. मी खुर्चीत रेललो नाही. उभा राहूनच सांगायला लागलो. प्रिंटरच्या बटणात दोष होता, तो श्रीमती वसंता यांनी स्वतः शोधून काढला, त्यांच्यावरचा आरोप मागे घेण्यात येत आहे. इंग्रजी सांगताना माझा आवाज मलाच पोकळ वाटत होता. शेवटी मी मन घट्ट केलं आणि सांगितलं: बटणावर चंदन मी, खाली सही करणाराने, लावलं होतं.

त्यांची बोटं थांबली. चार वर्षांत माझं वाक्य संपलेलं असताना ते टाइप न करता त्यांची बोटं थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"तें नको, राव," त्या म्हणाल्या. "चंदन लावलें तें देवाचें काम. तें चूक नव्हे. चार वर्षें मी समोर बसत्यें. तुम्हीं मला एक शब्द विचारलें नाहीं. तें लिहा."

मी म्हणालो, ते ऑफिसच्या पत्रात कसं लिहायचं?

"पहिलें जसें लिहिलें, तसें."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. रागाला राग देणं मला जमतं. त्या नुसत्या वाट पाहत बसल्या होत्या, हात कळफलकावर ठेवून. एकोणीस वेळा पान उचलून वेळ टिपणारी, नोकरी जायची पाळी आली तरी आवाज न चढवणारी, ज्याने ठपका ठेवला त्याचं नाव विचारलं असता न सांगणारी ही बाई. आणि तिच्या बोलण्याची नक्कल करून मी लोकांना हसवत होतो. मला स्वतःची अतोनात लाज वाटली. मग मी सांगितलं. खाली सही करणाराने श्रीमती वसंता यांना एकही प्रश्न न विचारता, कोणताही पुरावा नसताना, त्यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप लिहिला. सांगताना दोनदा अडखळलो. त्यांची बोटं नेहमीच्याच वेगाने चालली, कुठे हळू झाली नाहीत की कुठे जोरात पडली नाहीत.

टाइप झाल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे सगळं वाचून दाखवलं, स्वल्पविरामासकट. माझं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना मी टेबलाची कड धरून उभा होतो.

"आणखी कांहीं?" त्यांनी विचारलं. प्रत्येक डिक्टेशननंतर विचारायच्या तसंच.

मी म्हणालो, "वसंताबाई, मला माफ करा."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चष्म्यामागचे डोळे पहिल्यांदाच ओले दिसले. मग त्यांनी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

"हें टाइप करूं?"

"करा," मी म्हणालो.